उघाडीचं दार: एका मांडणशिल्पाच्या नोंदी

३ मार्च २०२५, सोमवार

नकाशा भिंतीवर लावला. कोपरखैरणे नोडचा, म्हणजे नवी मुंबईतल्या एका वसाहतीचा, जुना अमोनिया प्रिंट. तुर्भ्यातल्या एका झेरॉक्सवाल्याच्या माळ्यावर गुंडाळी पडून होती, दोनशे रुपयांत दिली. "रद्दीत घालणार होतो, ताई," म्हणाला. कडा तपकिरी, रेघा जांभळट. ऊन लागलं तर आहे तेही उडून जाईल, म्हणून खिडकीला जुनी चादर टांगली.

सेक्टर, रस्ते, शाळेचा प्लॉट, बगिच्याचा प्लॉट, बाजाराचा प्लॉट. मधेच दोन-तीन ठिकाणी आखणी थांबते. भोवती तुटक रेघ आणि आत फक्त एक शब्द, 'गावठाण'. घर नाही, विहीर नाही, देऊळ नाही, गल्ली नाही. कागद नुसता पांढरा (आता पिवळा).

आमचं घर सापडलं. म्हणजे घराचा चौकोन. बाबा मस्जिद बंदरला माथाडी होते. कांदा-बटाट्याचा बाजार तुर्भ्याला आला तेव्हा पाटणची ही मंडळी त्याच्या मागोमाग खाडी ओलांडून आली. मी झाले ती इथेच. एक खोली, एक स्वयंपाकघर, पुढे हातभर अंगण. त्या चौकोनावर आता तीन मजले आहेत.

काय काम करायचं ते अजून एका ओळीत सांगता येत नाही. अनुदानाच्या अर्जात मात्र तीनशे शब्दांत सांगितलं होतं, आणि पैसेही मंजूर झाले.

९ मार्च, रविवार

काल दिवसभर ग्रंथालयात. 'मार्ग' नियतकालिकाचा जून १९६५ चा अंक पुन्हा पाहिला. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता वास्तुविशारद, शिरीष पटेल अभियंता. १९६४ साली महापालिकेचा विकास आराखडा आला, त्यावर या तिघांनी घेतलेली हरकत म्हणजे नवी मुंबई. कोरिया तेव्हा चौतिशीत, पटेल त्यांच्याहून लहान. (मेहतांचं नाव पुढे पुढे गळत जातं. 'कोरियांची नवी मुंबई' असं आम्हीही कॉलेजात बिनदिक्कत म्हणायचो.)

मुद्दा पोराला समजेल असा. मुंबई म्हणजे चिंचोळी पट्टी. नोकऱ्या दक्षिणेच्या टोकाला, माणसं उत्तरेला. सकाळी गाड्या एका दिशेनं भरून, संध्याकाळी उलट्या दिशेनं. ही पट्टी आणखी ताणली तर तुटेल. त्यापेक्षा खाडीपलीकडे तोलामोलाचं दुसरं शहर बसवा. सरकारनंच आपलं बिऱ्हाड तिकडे हलवावं, म्हणजे बाकीचे आपोआप येतील.

हे शहर बसवायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं १७ मार्च १९७० ला. ३४४ चौरस किलोमीटर, ९५ गावं. कोरिया १९७४ पर्यंत मुख्य वास्तुरचनाकार. पैशाचं गणितही सुटसुटीत: जमीन शेतीच्या भावानं घ्यायची, रस्ते-पाणी करायचं, विकसित भावानं विकायची, त्या पैशातून पुढचे रस्ते. शहरानं आपला खर्च आपण काढायचा. वहीत हे वाक्य उतरवताना 'शेतीच्या भावानं' पाशी पेन अडलं. सगळा खर्च शेवटी कुणी काढला, ते तिथेच लिहिलेलं आहे.

खाडीपूल १९७३ ला झाला. वाशीला लोकल यायला १९९२ उजाडलं. मंत्रालय तर हललंच नाही. उलट इकडे नवं शहर आखलं जात असताना तिकडे नरिमन पॉइंटला भरावावर टॉवर उभे राहत होते. म्हणजे वरात निघाली, मांडव घातला, आणि नवरदेव घरीच.

मला या तिघांचा राग येत नाही, हे इथे लिहून ठेवते. राग आला असता तर काम सोपं झालं असतं.

१६ मार्च, रविवार

बेलापूर, सेक्टर ८, आर्टिस्ट व्हिलेज. इथे मैत्रीण भाड्यानं राहते. ती वास्तुविशारद आहे, मी चित्रकार, आणि टेपचं दुसरं टोक धरायला तिचा मुलगा.

कोरियांची ही वसाहत १९८३ ते ८६ मधली, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. सात घरं, मधे आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन पुंजके मिळून एकवीस घरं, त्यांना बारा मीटरचं अंगण. त्यापुढे आणखी मोठं, थेट ओढ्यापर्यंत. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर. म्हणजे गरिबाच्या आणि बऱ्या स्थितीतल्या माणसाच्या जमिनीत दुपटीचाही फरक नाही. भिंतीला भिंत चिकटवलेली नाही, कारण ज्याला त्याला आपलं घर हवं तेव्हा, हवं तसं वाढवता यावं.

लोकांनी तेच केलं. वाढवलं. कौलारू छपराची मूळ घरं शोधावी लागतात. बरीचशी पाडून त्या जागी स्लॅबची तीन मजली, काचेच्या खिडक्यांची, दारात ग्रॅनाइट. परदेशी पाहुणे येतात आणि हळहळतात. मैत्रीण म्हणते, हळहळायचं काय त्यात, आराखड्यानंच परवानगी दिली होती. पटतं मला. आमच्या माथाडी घरांना अशी परवानगी कुणी दिली नव्हती, वाढली मात्र तशीच.

आठ मीटर मोजायला गेलो. मोजता येईना. अंगणात चार मोटारसायकली, एक झाकलेली गाडी, तुळशीवृंदावन आणि पाण्याची टाकी. मुलानं टेप टाकीवरून नेली. सात मीटर सत्तर आलं, पण मधे झोळ होता.

२३ मार्च, रविवार

आज खरं काम सुरू झालं असं वाटतंय.

गावातल्या एका ओळखीच्या घरी त्यांचे आजोबा भेटले. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणते. वय विचारलं तर म्हणाले, पूल झाला तेव्हा मला दोन पोरं होती. आगरी घर. खाली गाळे, वर भाडेकरू. सरकारी भाषेत 'गरजेपोटी बांधलेलं घर', म्हणजे जमीन गेलेल्यांनी परवानगीविना बांधलेलं. या शब्दावर एखादा प्रबंध होईल. बाकीच्यांनी काय, हौसेपोटी बांधली?

मी नकाशा पसरला. आबांनी आमच्या सेक्टरवर बोट ठेवलं आणि शेतांची नावं सांगायला लागले. चिंचेचं खाचर, लांबटुक, बांधाखालचं. भात कोणतं? राता. काळा राता, भुरा राता. खाऱ्या जमिनीत तोच टिकतो. "तुजा घर यवरा," म्हणाले आणि चिंचेच्या खाचराच्या मधोमध नख रुतवलं. मी काही बोलले नाही. काय बोलणार?

मग खारीबद्दल. (आगरी बोलीत 'ड' चा 'र' होतो. खाडीची खारी, उघाडीची उघारी. नंतर ऐकताना गोंधळ नको म्हणून लिहिते.) खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून चिखलाचा बांध. पण पावसाचं पाणी बाहेर जायला वाट हवी. म्हणून बांधात ठरावीक ठिकाणी उघाडी. मोरीच्या तोंडावर, खाडीच्या अंगाला, वरून टांगलेलं लाकडी दार. भरतीला खाडीचं पाणी दार दाबून बंद करतं. ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून उघडतं. कडी नाही, कुलूप नाही. आबांचे वडील उघाडी सांभाळायचे. सांभाळायची म्हणजे काय, दार तर आपोआप चालतं ना? "कचरा अरकतो. काठी अरकते. येक काठी अरकली तं भरती आत." आणि एकदा खारं पाणी आत आलं, बांधाला खांड पडली, की दोन-तीन पावसाळे जमीन धुवावी लागते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रात्री कंदील घेऊन कुणीतरी बांधावर असायचंच. डागडुजीला सगळं गाव. अलिबागच्या बाजूला या सामुदायिक कामाला जोळ म्हणतात.

मी विचारलं, रात्री भरती कधी येणार ते कसं कळायचं? आबा हसले. "पानी काय नकाशा बगून येतं? चांद बगून येतं."

घरी येताना सेक्टरच्या कडेच्या धारण तलावापाशी थांबले. लोक त्याला होल्डिंग पॉण्ड म्हणतात, सकाळी भोवती फिरतात. इथली बरीच जमीन भरतीच्या पाण्याहून खाली. म्हणून पावसाचं पाणी आधी या तलावात साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं. तलावाच्या तोंडाशी फ्लॅप गेट. वरून टांगलेलं, खाडीच्या अंगाला, लोखंडी. भरतीला बंद, ओहोटीला उघडं. कॉलेजात आम्हाला सांगितलं होतं की ही डच पद्धत आहे.

पाच मिनिटं उभी राहून हसले. फिरणाऱ्या एका काकूंनी वळून पाहिलं.

६ एप्रिल, रविवार

ठरलं. दोन हौद, मधे भिंत, भिंतीत उघाडी. एक हौद खाडी, दुसरा खार, म्हणजे बांधाआतली जमीन. या दुसऱ्या हौदाच्या तळाला नोडचा नकाशा उठावात: रस्ते आणि नाले खोल, प्लॉट वर. वरून थेंब थेंब पाऊस. पंपानं खाडीची भरती-ओहोटी. दार पाणी चालवणार, मी नाही.

आधी डोक्यात दोन पडदे होते, त्यांचा नाद सोडला. त्याचं कारण प्रामाणिकपणे लिहायचं तर चित्रकार नलिनी मालानी. त्यांच्या 'युटोपिया'त दोन फिती शेजारी शेजारी चालतात. एक १९६९ ची, रंगीत, वास्तूच्या छोट्या प्रतिकृतीवर केलेलं ॲनिमेशन. अकबर पदमसींच्या व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉपमध्ये केलेलं, नव्या देशाच्या नव्या घरांचं स्वप्न. दुसरी १९७६ ची, काळी-पांढरी, एक तरुण बाई शहराकडे पाहते आहे, आणि समोर स्वप्नातलं काही नाही. मधे फक्त सात वर्षं. यापुढे मी पडद्यावर आणखी काय दाखवणार? आणि शहर वरून खाली पाहायचं काम 'कॅम्प' या मुंबईतल्या कलाकार-गटानं 'बॉम्बे टिल्ट्स डाउन'मध्ये करून ठेवलंय. वरळीच्या उंच इमारतीवर सीसीटीव्ही कॅमेरा, तो टॉवरांवरून हळूहळू खाली झुकत पत्र्यांवर येतो.

मला वरून पाहायचं नाहीच. वरून पाहिलं की सगळं नकाशा होतं. मला पाणी कुठून जातं ते पाहायचंय.

२० एप्रिल, रविवार

खर्च: विटा, सिमेंट, वॉटरप्रूफिंगची पावडर, फिश टँकवाल्याकडचा मोठा पंप, टायमर. गवंडी दोन दिवस. गाळा आबांच्या घराखालचा, सध्या रिकामा. आधी चिकनचं दुकान होतं, त्यामुळे जमिनीला उतार आणि मोरी तयार. भाडं आबांच्या सुनेनं सांगितलं ते बाजारभावानं सांगितलं. चांगलं केलं.

टायमरची गंमत. भरती ते भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटं. तासाचं मिनिट केलं तर साडेबारा मिनिटांच्या आसपास. टायमर साडेबारावर लावला. आबांच्या नातवानं पाहिलं आणि ओरडला, "साडेबारा टक्के!" गाळ्यातले सगळे हसले, गवंडी सोडून. तो जालन्याचा, त्याला समजावून सांगावं लागलं. जमीन गेली त्याच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत, अशी योजना. १९९० मध्ये आली. आली म्हणजे कुणी आणून दिली नाही. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे ही सगळी गावं तेव्हा रस्त्यावर होती. आबाही ट्रकनं गेले होते. त्याबद्दल ते बोलत नाहीत, एवढंच म्हणतात की येताना ट्रक अर्धा रिकामा वाटत होता.

गवंडी म्हणाला, "मग साडेसत्त्याऐंशी कुठं गेले?"

४ मे, रविवार

दार. लाकूड भंगार लाकडाच्या वखारीतून, पाडलेल्या चाळीचं सागवान, खिळ्यांची भोकं असलेलं. मिस्त्रीनं अठरा इंच बाय चौदाचं दार केलं, सुबक, कडा गोल, पॉलिशसुद्धा मारायला निघाला होता. बिजागऱ्या बाजूला लावल्या. मी कागदावर दाखवलं होतं तरीही. "दार आहे ना ताई, दाराला बिजागरी बाजूलाच."

आबांना दाखवलं. उचलून वजन पाहिलं, म्हणाले, "कपाट झकास झालाय."

काढल्या बिजागऱ्या. वर दोन लोखंडी कड्या, त्यांतून गज, दार गजावर झुलतं. आबांनी खालची कड तिरपी तासायला लावली, म्हणजे टेकताना आधी खालचा ओठ टेकेल. दार जड हवं पण फार जड नको. हलकं असलं तर लाटेनं थडथडतं, जड असलं तर आतल्या पाण्याला पेलत नाही. मिस्त्री आणि आबा दोघांनी मिळून तीनदा दार काढलं, तासलं, लावलं. मी फक्त फोटो काढले आणि चहा आणला. दाराच्या पाठीला ऑइलपेंटनं ३४४ लिहिलं, शहराचे चौरस किलोमीटर. सध्या कामाचं नाव तेच आहे.

११ मे, रविवार

फजिती.

तळाचा उठाव गवंड्यानं मी गावाला गेले त्या दोन दिवसांत ओतला. पद्धत मीच सांगून गेले होते: मोठा केलेला नकाशा तळाला चिकटवायचा, जिथे प्लॉट आखलेत तिथे पाऊण इंच गिलावा, रस्ते पाव इंच, नाले कोरे. आज पाहते तर गावठाणांच्या जागी खड्डे. तळापर्यंत.

"नकाशात तिथं काहीच नाही ना ताई. म्हणून सोडलं."

मी चिडले. आवाज चढला, उगाच. गिलावा वाळला होता, आता भरायचा तर जोड दिसणार. गवंडी गप्प राहिला आणि नकाशाचा उरलेला तुकडा माझ्यासमोर धरला. तुटक रेघ, आत कोरा कागद. त्याचं काय चुकलं?

१३ मे, मंगळवार

तरी पाण्याची चाचणी घेतली. भरती चढली, दार 'टप्' करून बसलं. खालून पाझर. आबांनी पेंढा आणि चिखल मागवला, कडेला थापला, पाझर थांबला. सिलिकॉनची नळी पिशवीतच राहिली. मग पाऊस सोडला. प्लॉटवरून रस्त्यात, रस्त्यातून नाल्यात, नाल्यातून दारापाशी. ओहोटी झाली. दार थरथरलं आणि खालून दोन बोटं उघडलं. पाणी गेलं. शहर कोरडं.

खड्ड्यांत पाणी तसंच. गावठाणांत. तीनही ठिकाणी काठोकाठ, वर दिव्याचं प्रतिबिंब.

दुसरी भरती, दुसरी ओहोटी. तसंच.

आबा खुर्ची ओढून बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा बरोबर केलंस. हा आमचा गाव."

नोडसाठी भराव घातला, रस्ते उंच झाले, त्यावर डांबराचे थर चढत गेले. गाव होतं त्या पातळीवर राहिलं. आता पाऊस पडला की सेक्टरचं पाणी गावाकडे बघतं. या घरालाही रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून यावं लागतं. मी इथे दोन महिने येते आहे, रोज त्या पायऱ्या उतरते, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आलं ते गवंड्याच्या हातून, आणि तेही मी त्याच्यावर ओरडल्यावर. त्याला फोन केला. तो पनवेलला दुसऱ्या कामावर आहे. म्हणाला, "मग बिल पूर्ण द्या."

खड्डे भरायचे नाहीत.

२७ मे, मंगळवार

मे महिन्यातच पाऊस. काल मुंबईत मान्सून दाखल झाल्याची घोषणाही झाली. मांडणीच्या भिंतीवर लावायचे बारा नवे अमोनिया प्रिंट दमट हवेत पोळीसारखे फुगले. चार वाचले.

त्यात आज अमावास्या. दुपारी धारण तलावावर जाऊन फ्लॅप गेट पाहिलं. प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, नारळ, आणि दाराच्या फटीत अडकलेली एक बांबूची काठी. दार चार बोटं उघडं, भरतीचं पाणी बिनधास्त आत. तलाव गाळानं भरलाय, अर्ध्या भागात तिवरं उगवली आहेत. ती तोडायची नाहीत हा कायदा, आणि गाळ काढायचा तर ती तोडावी लागतात. यावर इथे सगळ्यांची मतं ठाम आहेत, आणि सगळी वेगवेगळी. माझं अजून ठरलेलं नाही.

काठीचा फोटो आबांना दाखवला. त्यांनी फोन लांब धरून पाहिला, परत दिला. "मानूस न्हाय तिथं," एवढंच.

१४ जून, शनिवार

अनुदान देणाऱ्यांकडून दोघं येऊन गेले. काम आवडलं. फारच आवडलं. पुढचा प्रयोग त्यांच्या दक्षिण मुंबईतल्या दालनात करावा म्हणतात. फक्त पाणी नको. फरशी लाकडी आहे, विमा आहे. त्याऐवजी पाण्याचं चित्रीकरण दाखवता येईल का? दार भिंतीवर टांगता येईल, लाकडाचा पोत फार सुंदर आहे.

"पाण्याशिवाय ते कपाट आहे," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही, वरच्या पायरीवर बसलेले आबा मात्र खोकल्यासारखं हसले.

त्यांना दोष देत नाही. तिकडे पोचायला त्यांना दोन तास लागणार होते, निघायची घाई होती. शनिवार असूनही.

२९ जून, रविवार

चार दिवस गाळा उघडा होता, गुरुवार ते आज. मुद्दाम अमावास्येनंतरचे दिवस धरले. बाहेर खाडीला साडेचार मीटरच्या वरची भरती आणि आत आमची साडेबारा मिनिटांची.

कोण कोण आलं ते नीट लिहून ठेवते, नंतर आठवत नाही. गावातल्या बायका संध्याकाळी, भाजी घेऊन येताना. त्या नकाशाकडे पाहत नाहीत, खड्ड्यातल्या पाण्यात आपलं घर कुठे ते बोटानं दाखवतात आणि भांडतात. "देऊल इथं, तुमचा घर मागं." शुक्रवारी एका बाईनं घरून रांगोळी आणून खड्ड्याच्या काठावर विहिरीचं टिंब काढलं. पुढच्या भरतीपर्यंत टिकलं.

पाम बीच रोडवरच्या टॉवरमधलं एक जोडपं आलं, कॅमेऱ्यासह, खूप नेमके प्रश्न विचारत. त्यांना गाळ्यात उतरायच्या पायऱ्या सापडत नव्हत्या. पंधरा वर्षं इथे राहतात, गावात पहिल्यांदाच. त्यांनीच सांगितलं, लपवलं नाही. बाजारातले बाबांचे जुने सोबती आले, चौघं. दार कसं चालतं ते पाहून लगेच कळलं, तराजूसारखं आहे म्हणाले.

आणि काल दुपारी एक निवृत्त नियोजनकार. नाव लिहीत नाही. पांढरा शर्ट, खिशाला पेन. दोन पूर्ण भरत्या उभं राहून पाहिल्या. मग मला बाजूला घेतलं.

"एक गोष्ट तुम्ही दाखवलेली नाही. गावं आम्ही उठवली नाहीत. तेव्हा जगभर अशी शहरं बांधताना गावं सरळ पुसून टाकायचे. आम्ही गावठाण ठेवलं. ती तुटक रेघ म्हणजे हात लावायचा नाही अशी खूण होती."

मी म्हटलं, हात लावायचा नाही म्हणून गटारही नाही, रस्ताही नाही.

"ते ग्रामपंचायत बघेल असं धरलं होतं. मग महानगरपालिका आली." थांबले. "बघायला हवं होतं आम्ही. पातळ्या आमच्याकडे होत्या."

पुढे विमानतळासाठी मात्र दहा गावं उठलीच, उलव्याचा डोंगर कापला, नदी वळवली. ते त्यांच्या काळातलं नव्हे. म्हणून मी ते म्हटलं नाही. त्यांचं पहिलं वाक्य भिंतीवरच्या चार प्रिंटांच्या शेजारी पेन्सिलीनं लिहून लावलं. ते खरंच आहे, आणि माझ्या मांडणीत ते नव्हतं.

आबा रोज सकाळी येऊन उघाडीच्या फटीत हात घालून पाहतात. काही अडकलं नाही ना.

३ जुलै, गुरुवार

आवरलं. आबांच्या सुनेची तक्रार रास्त: चार दिवस साचलेल्या पाण्यात डासांची अळी झाली. खड्डे कपड्यानं पुसून कोरडे केले, मग हातोडा. उठाव फुटताना प्लॉट सुटे झाले, तळहाताएवढे चौकोन. आमच्या सेक्टरचा एक मी पिशवीत टाकला. बाकी राबिट दोन फेऱ्यांत गेलं. ते कुठे टाकणार विचारलं तर ट्रॅक्टरवाला म्हणाला, भरावाला.

हिशेब: अनुदानातले अकरा हजार उरायला हवे होते, उरले नऊशे. गवंड्याचं बिल पूर्ण दिलं.

दार माझ्या घरी, जिन्याखाली. ओल लागून जरा फुगलंय. दालनवाल्यांचा पुन्हा फोन आला, दारासाठी. दोन दिवसांत सांगते म्हटलं. हे खोटं होतं, मला तेव्हाच माहीत होतं.

१० ऑगस्ट, रविवार

मधे नोंद नाही. शिकवणीचे तास, आईचं डोळ्याचं ऑपरेशन.

आबांचा भाचा पेणच्या बाजूला असतो, खाजणात जिताड्याचं तळं केलंय. त्याच्या मोरीचं दार गेल्या उधाणात गेलं. आबांनी मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं की त्याला दार पाहिजे, मोरी अठरा-चौदाचीच आहे. टेम्पोचे साडेआठशे त्यानंच दिले. गेल्या रविवारी नेलं.

आज फोन आला. काल नारळी पौर्णिमेचं उधाण होतं, दार बसलं नीट, फक्त वरचा गज बदलावा लागला, आमचा बारीक होता. कडेला चिखल थापलाय. मासा आत आहे.

"ताई, दाराच्या मागं रंगानं ३४४ लिवलंय. काय नंबर आहे का?"

म्हटलं, काही नाही, घासून टाका.

"राहू दे," म्हणाला, "चिखलानं जाईल."